प्रश्नावलीचं गाव नको, पुरावा विचारा

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा प्राथमिक आराखडा, जमा करायचे दिवस आले की कोल्हापुरातल्या वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि समाजकार्याच्या महाविद्यालयांत एक वाद हमखास डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, परदेशी प्रश्नावल्या आपल्या माणसांवर लादणं बंद करा. गगनबावड्यातल्या बाईचं दुखणं बोस्टनमध्ये लिहिलेल्या प्रश्नांत सापडायचं नाही, आपली प्रश्नावली आपणच तयार करू. दुसरी बाजू म्हणते, घरी केलेल्या प्रश्नावलीला कुठलंही जर्नल उभं करत नाही. जगभर चालणारी नावाजलेली मोजपट्टी घ्या, भाषांतर करून घ्या आणि कामाला लागा. माझ्या मते दोघंही प्रश्नावलीचं जन्मगाव विचारत बसले आहेत आणि त्यामुळे विचारायचं तेच राहून जातं. ही प्रश्नावली काय मोजते? ते मोजते हे कुणावर तपासून पाहिलं आहे? आणि ती वापरायची परवानगी आपल्याकडे आहे का? ऊस कारखान्यावर गेला की शेतकरी वजनकाटा कुठल्या कंपनीचा हे विचारत नाही, तो शेवटचा कधी तपासला गेला हे विचारतो. या जिल्ह्यात काटामारीविरुद्ध आवाज उठला तो याच मुद्द्यावर. मग माणसाचं नैराश्य, गुडघेदुखी किंवा स्मरणशक्ती मोजताना आपण त्याहून ढिले का राहावं?

‘आपलीच प्रश्नावली’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही, हे आधी मान्य करायला हवं. आयुष्याची गुणवत्ता मोजणाऱ्या एसएफ-३६ या प्रसिद्ध प्रश्नावलीत मध्यम श्रमाचं उदाहरण म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ येतं. चालण्याचं अंतर शहरातल्या ‘ब्लॉक’मध्ये विचारलेलं आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वोमॅकमध्ये २४ प्रश्न आहेत: वेदनेचे ५, ताठरपणाचे २ आणि हालचालींचे १७. त्यात मोजे घालणं आहे, बाथटबमध्ये उतरणं आहे. मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही. करवीर तालुक्यातली बाई दिवसभर उकिडवी बसून भांगलण करते, घरी जमिनीवर बसून जेवते आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसते. तिचा गुडघा जिथे खरा अडतो तिथलं काहीच विचारलं नाही, तर तिचा गुण चांगला येईल आणि गुडघा मात्र तसाच राहील. पण याच उदाहरणात पुढची वाटही आहे. पुण्याच्या संधिवात केंद्राने वोमॅक टाकून दिली नाही, ती भारतीय जीवनपद्धतीला जुळवून घेतली. म्हणजे परदेशी प्रश्नावली आणि कोरा कागद यांच्यामध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि खरं काम त्या जागेतच करायचं असतं.

कोऱ्या कागदावरून सुरुवात करणारे बहुधा काय करतात? मार्गदर्शकाच्या मदतीने २५-३० प्रश्न लिहायचे, पाच तज्ज्ञांकडून प्रमाणपत्रं घ्यायची, ३० जणांवर पायलट, म्हणजे छोटी चाचपणी, करायची, क्रॉनबॅकचा अल्फा हा आकडा ०.७ च्या वर आला की ‘प्रश्नावली प्रमाणित’ असं लिहायचं. अल्फा काय सांगतो, हे इथे थांबून पाहायला हवं. १९५१ पासून वापरात असलेला हा आकडा सांगतो ते एवढंच की प्रश्न एकमेकांशी किती जुळतात. एकच प्रश्न शब्द बदलून दहा वेळा विचारला तर अल्फा ०.९५ च्या पुढे जाईल, आणि तरीही आपण ताण मोजला की केवळ थकवा, हे कळणार नाही. उलट प्रकारही नेहमी घडतो. ताण मोजणाऱ्या पीएसएस-१० मध्ये चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न उलट्या दिशेचे आहेत. त्यांचे गुण उलटवल्याशिवाय बेरीज करायची नसते. ते राहून गेलं की अल्फा कोसळतो. मग ‘प्रश्न कमकुवत आहेत’ असं म्हणून तेच चार प्रश्न काढून टाकले जातात, अल्फा सुधारतो आणि मोजपट्टी कायमची मोडते. स्वतःची प्रश्नावली जिथे योग्य आहे अशी जागाही मला दिसते: ज्ञानाची चाचणी. सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराबद्दल आशाताईंना काय माहीत आहे, हे पाहायला परदेशी मोजपट्टी शोधायचं कारण नाही. उत्तरं बरोबर किंवा चूक अशी ठरलेली असतात, अभ्यासक्रम समोर असतो. पण नैराश्य, ताण, आत्मसन्मान या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचं मोजमाप दोन आठवड्यांत उभं राहत नाही.

या वादाचं उत्तर इतिहासात एकदा फार स्पष्ट मिळालेलं आहे, आणि ते आपल्या शेजारी मिळालं आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली मुलांसाठी चाचणी तयार केली. शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल हे ओळखणं एवढाच तिचा हेतू होता. काही वर्षांतच हेन्री गोडार्डने ती न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नेली. जहाजाच्या तिसऱ्या वर्गातून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसांना दुभाष्यांमार्फत प्रश्न विचारले गेले. १९१७ साली त्याने निष्कर्ष छापले: ज्यू, हंगेरियन, इटालियन, रशियन अशा गटांत पाचांपैकी चार माणसं ‘मंदबुद्धी’. तीच बिनेची चाचणी धारवाडलाही आली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. तिथे व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बांधली, इथल्याच मुलांवर तपासली आणि १९३४ मध्ये मांडली. मूळ एकच, परदेशीच. एका ठिकाणी तिने माणसांवर शिक्का मारला, दुसऱ्या ठिकाणी ती उपयोगी पडली. फरक मुळात नव्हता, मधल्या कष्टांत होता. दोन्ही बाजूंनी हे उदाहरण समोर ठेवून मग भांडावं.

पण कामतांच्या चाचणीची पुढची गोष्ट ‘आपली ती चांगली’ म्हणणाऱ्यांनी जास्त लक्षपूर्वक ऐकायला हवी. तिची १९६७ ची आवृत्ती त्यानंतर कित्येक दशकं बुद्ध्यंक काढण्यासाठी वापरात राहिली. अनेक देशांत पिढ्यांगणिक चाचण्यांवरचे गुण वाढत गेले, ढोबळमानाने दशकाला तीन. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात हे दाखवून दिलं. जुन्या मुलांच्या सरासरीशी आजच्या मुलाची तुलना केली की त्याचा बुद्ध्यंक फुगून दिसतो. हा अभ्यासकांपुरता प्रश्न नाही. ज्याचा बुद्ध्यंक ७० च्या खाली यायला हवा होता ते मूल त्या रेषेच्या वर जातं, आणि त्याचं अपंगत्व प्रमाणपत्र व त्याला लागून येणाऱ्या सवलती जातात. मोजपट्टी इथली होती, मराठीत होती, तरीही तिची मुदत संपत होती.

सामाजिक-आर्थिक स्तर मोजण्याच्या बाबतीत तर आपल्या सगळ्या मोजपट्ट्या देशीच आहेत. म्हणून चुका थांबल्या का? कुप्पुस्वामींची १९७६ ची मोजपट्टी शहरी कुटुंबांसाठी आहे. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचं मासिक उत्पन्न, एकूण गुण २९. ती राधानगरी तालुक्यातल्या एकत्र कुटुंबात वापरली की कुटुंबप्रमुख म्हणून निरक्षर आजोबांचं नाव लागतं, मास्तर असलेल्या मुलाचं शिक्षण मोजलंच जात नाही, आणि जमीन-जनावरं हिशेबात येत नाहीत. बी. जी. प्रसाद यांचं १९६१ चं वर्गीकरण गावाला आणि शहराला दोन्हीकडे चालतं, कारण ते दरडोई मासिक उत्पन्नावर आहे. पण मर्यादा महागाईप्रमाणे वाढवाव्या लागतात. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा सध्याचा पाया २०१६ चा आहे, प्रसादांचा १९६० चा. म्हणून मधल्या प्रत्येक पायाबदलासाठी चालू निर्देशांकाला २.८८, मग ४.६३, मग ४.९३ ने गुणायचं आणि १०० ने भागायचं. निर्देशांक १४० धरला तर गुणक साधारण ९२ येतो, म्हणजे पहिल्या वर्गाची मूळ १०० रुपयांची मर्यादा ९,२०० रुपयांच्या आसपास जाते. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. तरीही चार-पाच वर्षांपूर्वीच्या प्रबंधातला तक्ता जसाच्या तसा उतरवला जातो आणि निम्मं गाव आपोआप वरच्या वर्गात जाऊन बसतं. ग्रामीण भागासाठी उदय पारीक यांची १९६४ ची मोजपट्टी आहे. तिच्यात जमीन, घर, शेतीची साधनं येतात, पण जातीच्या उतरंडीलाही चढते गुण दिलेले आहेत. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एखाद्या घराला त्याच्या जातीसाठी कमी गुण देताना आपण क्षणभर तरी थांबणार आहोत की नाही? देशी असणं हा गुण आहे, पुरावा नव्हे.

आता दुसऱ्या बाजूकडे. ‘नावाजलेली घ्या आणि भाषांतर करा’ या सल्ल्यातलं ‘भाषांतर करा’ हे दोन शब्दांचं काम नाही. रूढ पद्धत अशी आहे: दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला नसावा, दोन्हींतून एक मसुदा बांधायचा, मूळ प्रश्नावली कधीच न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा, समितीने सगळं शेजारी ठेवून ठरवायचं, मग ३० ते ४० माणसांवर तपासायचं. आपल्याकडे बहुतेक वेळा इंग्रजीचे एक प्राध्यापक मराठी करतात, दुसरे उलट करतात, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की समाधान मानलं जातं. धोका इथेच आहे. मराठी जितकी पुस्तकी, तितकं उलट भाषांतर चोख जुळतं. ‘कार्यांमध्ये स्वारस्य अथवा आनंद नसणे’ हे परत इंग्रजीत बिनचूक जाईल. शिरोळच्या शेतमजूर बाईला मात्र ते कळणार नाही. ‘कशात जीव रमत नाही’ हे तिला कळेल, पण उलट भाषांतरात ते थोडं सांडेल. म्हणून शेवटची पायरी, माणसांसमोर बसून तपासण्याची, ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. त्यात उत्तर गोळा करायचं नसतं. ‘यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?’ असं विचारायचं असतं.

नैराश्याची लक्षणं मोजणारी पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पर्याय दिवसांवर बेतलेले आहेत: एकदाही नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. घाईत प्रश्न विचारणारा मुलगा त्याचं ‘कधीकधी, बरेचदा, नेहमी’ करतो आणि दिवसांचा हिशेबच निघून जातो. ‘दोन आठवडे’ म्हणजे कधीपासून, हे गावातल्या आठवडी बाजाराला धरून सांगितलं तर लोक नीट आठवून सांगतात. श्रावणात भुकेचा प्रश्न विचारला की उपवासाचं उत्तर येतं. इचलकरंजीत रात्रपाळी करणाऱ्या यंत्रमाग कामगाराला झोपेचा प्रश्न विचारला की पाळीचं उत्तर येतं. हे सर्वेक्षकाला आधी शिकवलेलं नसेल तर नैराश्याच्या नावाखाली उपवास आणि रात्रपाळी मोजली जाते. निरक्षर वृद्धांची स्मरणशक्ती तपासताना तर वाचन-लेखनाचे प्रश्नच अडसर ठरतात. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये गेल्या शतकाच्या शेवटी तयार झालेल्या हिंदी मानसिक स्थिती चाचणीत म्हणूनच ‘डोळे मिटा’ हे वाचायला न देता ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ असा बदल केला गेला. असा बदल अभ्यासातून येतो, प्रश्न विचारणाऱ्याच्या त्या वेळच्या सुचण्यातून नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते कटऑफच्या, म्हणजे ज्याच्या पुढे माणूस आजारी धरला जातो त्या, आकड्यामुळे. ‘कोल्हापुरातल्या इतक्या टक्के तरुणांना नैराश्य’ अशी बातमी जेव्हा छापून येते, तेव्हा तिच्या मागे अनेकदा पीएचक्यू-९ वर दहा किंवा अधिक गुण एवढाच आधार असतो. मूळ २००१ च्या अभ्यासात दहाच्या मर्यादेला संवेदनक्षमता (आजारी माणसं पकडण्याचं प्रमाण) आणि विशिष्टता (निरोगी माणसं सोडण्याचं प्रमाण) दोन्ही ८८ टक्के होत्या. आकडे चांगले आहेत. आता हजार माणसं घ्या आणि समजा त्यांतल्या ५० जणांना खरोखर नैराश्याचा आजार आहे. चाचणी त्यांतले ४४ पकडेल. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ निरोगी माणसांनाही ती पकडेल. एकूण १५८. पाच टक्क्यांचे जवळपास सोळा टक्के झाले, आणि ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांतल्या दर चार जणांपैकी साधारण तिघांना तो आजार नव्हताच. चाळणी चाचणी पुढच्या तपासणीसाठी माणसं निवडते, निदान करत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या आपत्तीनंतर मानसिक आघाताची सर्वेक्षणं होतात, तिथेही हेच. आघातानंतरच्या ताणाची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ चे २० प्रश्न गेल्या महिन्याबद्दल विचारतात आणि तिची ३१ ते ३३ ची मर्यादा प्रामुख्याने अमेरिकी माजी सैनिकांवर ठरलेली आहे. ती वापरू नये असं नाही. पण तिचा आकडा पूरग्रस्तांच्या आजाराची टक्केवारी म्हणून छापू नये.

परवानगीचा मुद्दा काढला की समोरून येणारं उत्तर जोरकस असतं: आम्ही विद्यार्थी आहोत, यातून पैसा कमावत नाही, ज्ञानावर कुलूप कशाला? या म्हणण्यात न्याय आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलमही संशोधनासाठीच्या खाजगी वापराला सवलत देतं. पण संपूर्ण प्रश्नावली चारशे जणांना वाटणं आणि प्रबंधाच्या परिशिष्टात छापणं त्या सवलतीत बसेलच, असं धरून चालणं धोक्याचं आहे. स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी मिनी मेंटल स्टेट ही चाचणी १९७५ मध्ये आली, अनेक वर्षं जगभर मुक्तपणे फोटोकॉपी झाली, आणि २००१ नंतर तिचे हक्क व्यावसायिक प्रकाशकाकडे गेल्यावर प्रत्येक वापराला पैसे लागू झाले. औषधं वेळेवर घेतली जातात का हे मोजणाऱ्या मोरिस्की मोजपट्टीच्या बाबतीत संशोधकांकडे नंतर शुल्क मागितलं गेलं आणि काहींना छापून आलेले निबंध मागे घ्यावे लागले. दोन वर्षांचं काम एका न पाठवलेल्या ईमेलमुळे असं पाण्यात का घालायचं? त्यातून पैशाची अडचण वाटते तेवढी मोठीही नसते. पीएचक्यू-९ ला परवानगी लागत नाही आणि तिची मराठी आवृत्तीही मिळते. पीसीएल-५ मोफत आहे. एसएफ-३६ चे प्रश्न रँड संस्थेकडून मोफत मिळतात, फक्त गुणांकन थोडं वेगळं असल्याने कुठली आवृत्ती वापरली ते लिहावं लागतं. आरोग्याशी निगडित आयुष्याची गुणवत्ता मोजणारी ईक्यू-५डी नोंदणी केली की अव्यावसायिक संशोधनाला मिळते आणि २०२२ पासून तिचा भारतीय मूल्यसंच, म्हणजे उत्तरांचे गुण काढायचा इथल्या लोकांवर आधारलेला तक्ताही, उपलब्ध आहे. बेकची नैराश्य प्रश्नावली मात्र विकत घ्यावी लागते. हे सगळं सिनॉप्सिस लिहिण्याआधी कळायला हवं, कारण उत्तर यायला कधी आठवडे लागतात आणि माहिती गोळा झाल्यावर मागितलेली परवानगी कामाची नसते.

शोधायचं कुठे, हा प्रश्न मग खरोखर व्यावहारिक होतो. सुरुवात प्रश्नावलीच्या नावाने करू नये. काय मोजायचं ते एका वाक्यात लिहावं, कुणामध्ये तेही लिहावं. ‘मधुमेहींचं औषधपालन’ आणि ‘मधुमेहाबद्दलचं ज्ञान’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीची प्रश्नावली दुसरीला चालत नाही. मग पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्या विषयासोबत ‘व्हॅलिडेशन’, ‘सायकोमेट्रिक’ आणि ‘मराठी’ हे शब्द घालून पाहावं. मराठीत काही मिळालं नाही तर ‘हिंदी’, ‘इंडिया’. कॉस्मिन या नेदरलँड्समधल्या प्रकल्पाच्या संग्रहात मोजपट्ट्यांची तुलना करणारे आढावे मोफत शोधता येतात; एका आढाव्यात दहा-वीस मोजपट्ट्यांची पारख झालेली मिळते. हक्क कुणाचे हे बघायला ई-प्रोव्हाइड हे संकेतस्थळ उपयोगी पडतं. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात महाराष्ट्रातल्या प्रबंधांची परिशिष्टं पाहिली की अनेक मराठी आवृत्त्या सापडतात. पण तिथली प्रत उचलून वापरायची नाही, भाषांतरकाराला आणि मूळ हक्कधारकाला दोघांनाही विचारायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रश्नावली जिथे प्रथम मांडली तो मूळ निबंध वाचायचा. तिसऱ्याच्या प्रबंधातून उतरवलेल्या गुणांकनात उलटे प्रश्न, गाळलेली उत्तरं धरायचे नियम आणि कटऑफ हे तिन्ही बिघडलेले सापडतात.

एक जबाबदारी अशी आहे की तिच्याबद्दल मतभेदाला जागाच नसावी. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारायचा असेल तर ‘हो’ आल्यावर पुढे काय, हे आधी लेखी ठरलेलं असावं: त्या माणसाला एकटं न सोडता कुणाला फोन करायचा, त्याच दिवशी कुठल्या मानसोपचार विभागात न्यायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक कसा द्यायचा. अर्ज गोळा करून महिन्याने संगणकात भरताना तो ‘हो’ पहिल्यांदा दिसणं हा निष्काळजीपणा आहे, आणि नैतिकता समितीने या एका मुद्द्यावर प्रस्ताव परत पाठवायला हवा.

कोल्हापुरात हे सगळं एकेकट्या विद्यार्थ्यावर टाकायची गरज नाही. शहरात एवढी आरोग्य महाविद्यालयं आहेत, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे; मराठीत तपासलेल्या मोजपट्ट्यांचं एक सामायिक दालन इथे उभं राहू शकतं. ‘हे करणार कोण, पदव्युत्तर विद्यार्थ्याला वेळ कुठे?’ हा आक्षेप मला पटत नाही. प्रबंधाचा विषयच एखाद्या मोजपट्टीची मराठी आवृत्ती तपासण्याचा का असू नये? भाषांतर, ३० ते ४० जणांसमोर बसून तपासणी, ५० जणांवर दोन आठवड्यांच्या अंतराने पुनर्चाचणी, शक्य असेल तिथे तज्ज्ञाच्या मुलाखतीशी तुलना: एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम आहे, आणि आणखी एका ‘ज्ञान व दृष्टिकोन’ सर्वेक्षणापेक्षा पुढच्या दहा वर्षांत त्याचा उपयोग जास्त होईल. दालनातल्या प्रत्येक मोजपट्टीसोबत आवृत्ती आणि साल, हक्कधारकाचं परवानगीपत्र, भाषांतर कसं झालं, कुठल्या तालुक्यात कुणावर तपासलं, उलट्या प्रश्नांसह गुणांकनाची किल्ली आणि न चाललेल्या प्रश्नांची नोंद असावी. शेवटची नोंद कुणी छापत नाही, म्हणून तर तीच चूक पुढच्या बॅचला पुन्हा करावी लागते.